हेडीस आणि यम
हेडीस म्हणजे प्राचीन ग्रीकांचा पाताळाचा देव. त्याला कुणीकुणी 'ग्रीकांचा यम' म्हणतात. मला अर्धंच पटलं. पापपुण्याचा निवाडा यम स्वतः करतो. हेडीस त्या भानगडीत पडतच नाही, ते काम मिनोस, रॅडामँथस आणि आयाकस या तिघा न्यायाधीशांकडे. प्राण न्यायलाही तो येत नाही, त्यासाठी मृत्यूचा देव थॅनॅटॉस आहे. हेडीस आपला पाताळात राज्य करत बसलेला.

खरी गंमत नावाची. त्याचं नाव घ्यायलाच लोक कचरायचे. त्याऐवजी 'प्लूटॉन' म्हणजे धनवान म्हणायचे, कारण धान्य काय, सोनंचांदी काय, सगळं येतं जमिनीतूनच. आपल्याकडे रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात ना, तसंच काहीसं! हेडीसला बळी काळ्या मेंढ्याचा, आणि देताना तोंड दुसरीकडे फिरवायचं.