मदत हवी आहे: बजेट करूनही २० तारखेला खातं रिकामं

ठणठणगोपाळ:
मंडळी, जरा लवकर सांगा, डोकं फिरलंय. सहा महिने शीट करतोय, ५०-३०-२० वाली, म्हणजे ५० टक्के गरजा, ३० हौस, २० बचत. ध्येयंही लिहिलीत, इमर्जन्सी फंड, मुलीचं शिक्षण, घराचं डाऊन पेमेंट. पगार झाला की बचत आधी बाजूला काढतो आणि २० तारखेला तीच मोडून खातो. कुठलं ॲप चांगलं?

कारकुंडा:
पगार एकाचा की दोघांचा? खाणारी तोंडं किती? कर्ज काय? काहीच लिहिलं नाही आणि म्हणे ॲप सांगा.

ठणठणगोपाळ:
दोघांचा. चार माणसं. कर्ज नाही. ॲप??

वहीवाली:
ॲपबिप सोडा. मी बारा वर्षं वहीत लिहितेय आणि रोख पाकिटं करते, पाकीट संपलं की त्या महिन्यात तो खर्च बंद म्हणजे बंद.

कारकुंडा:
ताई, हल्ली सगळं फोनवरून देतात, पाकिटात काय फोन कोंबायचा?

वहीवाली:
मग खर्चाचं खातं वेगळं ठेवा. थट्टा करायला काय जातंय.

उंबरठा:
शीटमध्ये सगळ्यात मोठा आकडा कुठल्या रकान्यात आहे?

ठणठणगोपाळ:
'इतर'.

उंबरठा:
घ्या! काय काय आहे त्यात?

ठणठणगोपाळ:
गाडीचा विमा, शाळेची फी, फ्रिजची दुरुस्ती, चष्मा, दोन क्रेडिट कार्डांचे मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम), बाकी किरकोळ.

कारकुंडा:
थांबा थांबा. मिनिमम ड्यू? वर तर कर्ज नाही म्हणालात!

ठणठणगोपाळ:
ते कर्ज कुठे, कार्ड आहे. तारीख कधी चुकवली नाही.

कारकुंडा:
अहो, मिनिमम भरलं की फक्त लेट फी वाचते, उरलेल्यावर व्याज चालूच. महिना ३ टक्के असेल तर वर्षाचे ३६ नाही होत, व्याजावर व्याज धरून साडेबेचाळीस टक्के होतात. आणि तुम्ही बचत किती टक्के व्याजावर ठेवताय? स्टेटमेंट काढून दर बघा आधी.

गणितमास्तर:
७२ ला दराने भागा, किती महिन्यांत कर्ज दुप्पट ते कळतं, ३ टक्क्याने साधारण २४ महिन्यांत. अवांतर: हा ७२ चा नियम लुका पाचोलीने १४९४ सालीच छापलाय, तोच तो हिशेबाच्या दुहेरी नोंदीवाला. पण नोंदपद्धत त्याने शोधली नाही हां, व्हेनिसचे व्यापारी आधीपासून वापरत होते, त्याने फक्त

उंबरठा:
मास्तर, त्याचा वेगळा धागा काढा.

वहीवाली:
छोटं कार्ड आधी संपवा. एक मिटलं की हुरूप येतो.

कारकुंडा:
चूक. जास्त व्याजाचं आधी. हुरुपाने व्याज कमी होत नाही.

वहीवाली:
आणि गणिताने माणूस टिकत नाही. मी फेडलंय, तुम्ही फेडलंय का?

नवाखेळाडू:
दादा, टर्म इन्शुरन्स घेतला का? आधी तो घ्या.

उंबरठा:
ते विचारलंच नाहीये हो त्यांनी. ठणठणगोपाळ, विमा नि फी दर वर्षी ठरलेल्या महिन्यात येणारच, त्याला 'इतर' काय म्हणता? वर्षाची बेरीज करा, १२ ने भागा, तेवढे दर महिन्याला वेगळे काढा. दुरुस्तीसाठीपण अंदाजाने थोडे. दुसरं, तीन ध्येयांपुढे रक्कम आणि तारीख लिहिलीय का? रक्कम भागिले उरलेले महिने, हे तिन्हींचं करून बेरीज मारा. २० टक्क्यांत बसत नसेल तर घर पुढे ढकला. सध्या एका महिन्याच्या खर्चाएवढी शिल्लक होऊ द्या, मग कार्डं, मग बाकीचं. आणि शीट घरात अजून कोण बघतं?

ठणठणगोपाळ:
मीच.

वहीवाली:
झालं कल्याण. दोघांचा पगार ना?

ठणठणगोपाळ:
अपडेट. बेरीज मारली, ३४ टक्के आली. घर दोन वर्षं पुढे. काल बायकोला शीट दाखवली. तिने 'किरकोळ' वर क्लिक केलं आणि विचारलं, हे हेडफोन कधी घेतलेस?