‘कंपनीत आहे’ की ‘कंपनीत आहे, पण अमक्याकडं’? वाळूज-चिकलठाण्याची कामगारबोली

बोलीखुणा
छत्रपती संभाजीनगरजवळच्या (औरंगाबाद) वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक भागात नव्यानं लागलेल्या पोराला पहिला प्रश्न ठरलेला: “कंपनी कशीय?” उत्तरं दोन-तीन शब्दांची. “लोड लई आहे.” “ओटी सिंगलय.” “ब्रेक देतात.” “पीएफ कटतो, चांगलीय.” “गुत्त्यावरय.” यातले काही शब्द कोशात नाहीत, काही आहेत पण अर्थ भलताच. जाणकारांनी उकलून सांगावं. आणि ‘कंपनी’ व ‘कारखाना’ यांत हे लोक फरक करतात का?

खडकीकर
करतात, आणि चांगलाच. मराठवाड्यात नुसतं ‘कारखाना’ म्हटलं की तो साखरेचा. ‘कारखान्याला गेला’ म्हणजे कोयता घेऊन ऊसतोडीला गेला. बीडकडं तर दुसरा अर्थ कुणाच्या डोक्यातच येत नाही. नांदेडची जुनी माणसं उस्मानशाही मिलमुळं ‘मिल’ म्हणतात, सेलू-परभणीकडं कापसाचं काम ‘जिनिंगवर’. बाकी सगळी ‘कंपनी’, मग आत मोटारीचे सुटे भाग बनोत, औषधं बनोत की बिअर. वाळूजला 1985 साली बजाज ऑटोचा प्रकल्प सुरू झाला, त्याभोवती पुरवठादारांची रांग लागली, शेजारच्या वस्तीचं नावही बजाजनगर झालं. गंमत अशी, की या सगळ्यांना लागू झालेला कायदा ‘कारखाने अधिनियम, 1948’. कायद्याच्या लेखी कारखाना, बोलण्यात कंपनी.

टाचणवही
‘गुत्तेदार’ हा खास आपल्याकडचा. पुण्याकडं ठेकेदार, कागदावर कंत्राटदार, मराठवाड्यात गुत्तेदार. कानडीत गुत्तिगे, तेलुगूत गुत्त, दोन्हींचा अर्थ ठेका. निजामी मुलखात हा शब्द मुरला. ‘गुत्त्यावर आहे’ म्हणजे ठेकेदाराच्या हजेरीवर आहे.

सरळसोट
पण गुत्ता म्हणजे दारूचं दुकान ना?

टाचणवही
प्रमाण मराठीत तेवढाच अर्थ उरला. दारूविक्रीचा हक्क ठेक्यानं दिला जाई, तो गुत्ता. पुढं दुकानालाच ते नाव पडलं असावं. आपल्याकडं मात्र मूळ अर्थ चालू आहे, रस्त्याच्या कामालाही गुत्ताच म्हणतात.

गेज
मूळ प्रश्नाकडं येतो. कामगाराचं कंपनीबद्दलचं मत बरेचदा विभक्तीत लपलेलं असतं. ‘कंपनीत आहे’ म्हणणारा कायम असू शकतो. लगेच पुढचा प्रश्न येतो, “कुणाकडं?” त्याला गुत्तेदाराचं नाव सांगावं लागलं की कळलं, मशीन कंपनीचं, माणूस दुसऱ्याचा. ‘कंपनीच्या रोलवर’ म्हणजे हजेरीपटावर नाव कंपनीचंच. ‘परमनंट’ तर विशेषणाचं नाम झालंय: “मुलगा परमनंट आहे” एवढं सोयरिकीत पुरतं, कुठं परमनंट हे नंतर विचारतात.

‘कटणे’ बघा. एरवी पैसे कटले की वाईट. इथं “पीएफ-ईएसआय कटतं का?” (भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विमा) याला ‘हो’ आलं की कंपनी बरी. एका काल्पनिक पगारपत्रावर बघू. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 13,000, घरभाडे 650, एकूण 13,650. पीएफ 12 टक्के म्हणजे 1,560. ईएसआय 0.75 टक्का, पुढच्या रुपयाला नेऊन 103. व्यवसाय कर 200. ‘कटून हातात’ 11,787. गावाकडं सांगताना पोरगं ‘साडेतेरा’ सांगतं, खोली भाड्यानं घेताना ‘साडेअकरा’.

यातलाच वाईट प्रकार म्हणजे ‘दोन्हीकडचा कटतो’: मालकाचा हिस्साही कामगाराच्याच पगारातून वळता करणं. हे नियमात बसत नाही. पीएफच्या पासबुकात या पगारावर कामगाराच्या रकान्यात 1,560, मालकाच्या रकान्यात 477 आणि पेन्शनच्या रकान्यात 1,083 दिसायला हवेत. शेवटच्या दोहोंची बेरीज पुन्हा 1,560, आणि तेवढी रक्कम पगारपत्रावर कपातीत दिसता कामा नये. बरेच जण नुसती एकूण रक्कम बघून समाधान मानतात, फसगत तिथंच होते.

बोलीखुणा
‘ओटी सिंगल’?

गेज
ओटी म्हणजे ओव्हरटाइम, जादा तास. 1948च्या कायद्यानं त्याचा दर दुप्पट ठरवला. वरच्याच मूळ पगाराचा हिशेब धरा: 13,000 भागिले 26 दिवस, भागिले 8 तास, म्हणजे तासाला साडेबासष्ट. चार तासांचे डबल दरानं 500, सिंगलनं 250. तेव्हा ‘ओटी सिंगलय’ ही तक्रार आहे. पण ‘डबल मारली’ याचा दराशी संबंध नाही; त्याचा अर्थ सलग दोन शिफ्ट, सोळा तास. नवखा माणूस इथं हमखास गोंधळतो.

खडकीकर
क्रियापदावर लक्ष ठेवलं की ‘ब्रेक’ही सुटतो. ‘ब्रेक झाला’ म्हणजे चहाची सुट्टी. ‘ब्रेकडाऊन’ मशीनचं, ते बोलण्यात ‘बीडी’ होतं. आणि ‘ब्रेक दिला’ म्हणजे कामावरून थांबवलं. मूळ आहे 240 दिवसांत. 1947च्या औद्योगिक विवाद अधिनियमात बारा महिन्यांत 240 दिवस भरले की वर्षाची अखंड सेवा धरत, पगारी सुट्ट्या धरून. म्हणून सात महिन्यांचा करार: सुट्ट्यांसह 215 दिवसांच्या वर जात नाही. मग काही दिवस ‘बसवतात’, पुन्हा नव्या कार्डावर घेतात. कुणी “माझे 240 भरत आलेत” म्हणालं तर त्यात आनंदापेक्षा धास्तीच जास्त.

सरळसोट
लोड म्हणजे वजन उचलायचं काम?

गेज
नाही. लोड म्हणजे वेळेचा ताण. आठ तासांची शिफ्ट, त्यातून जेवणाची 30 मिनिटं आणि चहाची दोनदा 10 वजा केली की 430 मिनिटं उरतात. एका नगाला 45 सेकंद लागत असतील तर 573 नग. टार्गेट 540 असेल तर 33 नगांची सवड, म्हणजे पंचवीस मिनिटं: तेवढ्यात पाणी, लघवी, टूल बदलणं, बिन (नगांचा खोका) रिकामा होऊन नवा येणं. टार्गेट 570 केलं की सवड अडीच मिनिटांवर येते. काम तेच, वजन तेच, पण आता ‘लोड आहे’. अशा वेळी पहिली कात्री तपासणीवर लागते. दर दहाव्या नगाला गेज (माप तपासायचं साधन) लावायचं ते पंचविसाव्याला लावलं जातं, कडेची बर (धातूची उरलेली धार) तशीच राहते, आणि शिफ्ट संपताना अख्खा बिन ‘रीवर्क’ला परत येतो. नग ‘बनवणे’ मात्र कुणी म्हणत नाही: “आज किती काढले?”

टाचणवही
‘खाडा’ राहिला. जुना मराठी शब्द, कामावरची गैरहजेरी, अजून ठणठणीत आहे. जिथं हजेरी भत्ता असतो तिथं बहुधा एका खाड्यात महिन्याचा सगळा जातो, म्हणून “भत्ता कितीय?” नंतर “किती खाड्यांवर जातो?” असंही विचारतात. ‘दांडी’ वेगळी: खाडा ‘पडतो’, दांडी ‘मारतात’.

बोलीखुणा
आणि ‘पाळी’? कोशात तर शिफ्टला पाळीच आहे.

खडकीकर
नोटीस बोर्डावर ‘पहिली पाळी’ लिहितात. तोंडी फर्स्ट, सेकंड आणि नाईट. पाळी म्हटलं की आता दुसराच अर्थ आधी येतो, बायका लाईनवर आल्यापासून तर जास्तच जपून बोलतात.