एमटीबीवर (माउंटन बाइकवर) कॅमेरा न्यायचा कसा, पाठीवर की कॅरिअरवर?

गोरेगाव_पेडल: मंडळी, दर रविवारी पहाटे आरेत सायकल मारतो, आता पक्ष्यांसाठी डीएसएलआर कॅमेरा आणि ७०-३०० एमएमची लांब लेन्सपण न्यायचीय. मागच्या वेळी बॅग कॅरिअरला बंजीने (हुकवाल्या रबरी दोरीने) घट्ट बांधली होती, आतल्या रस्त्याला खड्डेच खड्डे, घरी येऊन बघतो तर लेन्सच्या माउंटचा, म्हणजे ती कॅमेऱ्याला जोडतात त्या कड्याचा, एक स्क्रू सैल! काच वाचली, पण पोटात गोळाच आला. पाठीवर घ्यायचा तर पडलो की कॅमेरा माझ्याखाली. काय करू?

येऊरचा_चढ: दादा, कॅरिअर विसरा. खड्ड्याचा हादरा चाकातून फ्रेममध्ये, फ्रेममधून कॅरिअरमध्ये आणि तिथून थेट कॅमेऱ्यात, मधे अडवायला काही नाही. पाठीवर असला की तुमचे गुडघे आणि कोपरच शॉकअप्सचं काम करतात, फक्त खड्डा दिसला की सीटवरून थोडं उठायचं. बॅगेला छातीचा आणि कमरेचा, दोन्ही पट्टे हवेत, नाहीतर उतारावर वळताना बॅग एका बाजूला सरकते आणि तोल जातो. पडायच्या भीतीचं म्हणाल तर लेन्स बॉडीवरून काढून ठेवा, दोघांना कॅप लावा, मधे फोमचा कप्पा. जोडलेली लांब लेन्स आपटली की सगळा जोर माउंटवर येतो, तुमचा स्क्रू त्यानेच सैल झाला असणार. आणि ट्रायपॉड कण्यावर उभा बांधू नका प्लीज, पडलात तर कॅमेऱ्याचं सोडा, पाठ जाईल.

भांडुपची_फोटोवाली: +१. गळ्यात लटकवूनही चालवू नका, पुढे वाकलं की हँडलवर आपटतो. पाण्याची नळीवाली पिशवी कॅमेऱ्याच्या कप्प्यात नको, माझी एकदा गळली होती, त्या दिवसापासून पाणी फ्रेमवरच्या बाटलीत. मुंबईच्या दमट हवेत घरी आल्यावर कॅमेरा घामट बॅगेत तसाच ठेवला तर लेन्सला बुरशी धरते, म्हणून लगेच बाहेर काढा, पुसा आणि सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवा.

येऊरचा_चढ: हो, आणि फोन हँडलला लावत असाल तर तेही जपून. मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असं अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय. सायकलला इंजिन नाही, पण मी तरी खिशातच ठेवतो.

गोरेगाव_पेडल: आभार दोघांचे! जुन्या कॅमेरा बॅगेतला फोम काढून ट्रेकच्या सॅकमध्ये बसवून बघतो, तिला दोन्ही पट्टे आहेत. स्क्रू मात्र स्वतः नाही आवळणार, लेन्स आधी रिपेअरवाल्याला दाखवतो.