विषय: हाऊसिंगचा नकार आलाय, पुढे काय?

मंजिरी, ब्लॅकटाउन (सिडनी):
मंडळी, माझ्याबरोबर एज्ड केअरमध्ये काम करणारी मैत्रीण ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी आहे. ती सोशल हाऊसिंगच्या (कमी भाड्याच्या सरकारी किंवा संस्थेच्या) दोन बेडरूमच्या घरात राहते. बहिणीची मुलं वर्षभर तिच्याकडेच आहेत, म्हणून मोठं घर मागितलं, तर अर्ज नामंजूर. "नाही म्हणजे नाही" म्हणत तिने पत्र ड्रॉवरमध्ये टाकलंय. खासदाराला लिहू का?

सुहास:
खासदार नंतर. आधी पत्रावरची तारीख बघा. अपिलाला साधारण तीन महिने मिळतात. पहिलं अपील नकार देणाऱ्यांकडेच करायचं, मग ते होम्स एनएसडब्ल्यू (न्यू साउथ वेल्स राज्याचं घरांचं खातं) असो की कम्युनिटी हाऊसिंगवाली संस्था. तिथे जमलं नाही तर हाऊसिंग अपील्स कमिटीकडे. फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र कमिटी शिफारस करते, हुकूम सोडत नाही, हे तिला आधीच सांग.

माझा अंदाज, घोडं मुलांच्या कागदांवर अडलंय. कोर्टाचा आदेश नाही, मुलं नुसती मावशीकडे राहतात, म्हणजे फायलीत ती पाहुणी. मावशीने पोरं सांभाळणं आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, पण ऑफिसला लागतं! शाळेच्या पत्रावर मावशीचा पत्ता हवा. सेंटरलिंकचा (सरकारी भत्ते देणाऱ्या ऑफिसचा) कागद, ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिसच्या डॉक्टरांचं पत्र जोडा. नुसतं 'अडचण होते' लिहून भागत नाही. मोठा मुलगा सोफ्यावर झोपत असेल तर तेच लिहा. नकाराचं कारण मोघम असेल तर लेखी मागून घ्या.

आणि ॲबोरिजिनल भाडेकरूंसाठी न्यू साउथ वेल्समध्ये वेगळ्या मोफत सल्ला सेवा आहेत, तिथे तिला फोन करू दे. त्यांना हे रोजचंच आहे. तू गाडी चालव, झेरॉक्स काढ. तिच्या वतीने बोलायला जाऊ नकोस.

प्रभाकर काका:
तिचं छत गळतं म्हणालीस ना मागे? तेही घाला की यातच.

सुहास:
काका, नको. दुरुस्ती, थकलेलं भाडं, घर खाली करायची नोटीस हे सगळं एनकॅटचं, म्हणजे राज्याच्या ट्रायब्यूनलचं (न्यायाधिकरणाचं) काम. कमिटी त्यात पडत नाही. नोटीस आली तर अपिलाची वाट बघत बसायचं नाही, सुनावणीला जायचंच.

दुरुस्तीचा दावा किरकोळ मात्र समजू नका. नॉर्दर्न टेरिटरीत, ॲलिस स्प्रिंग्जजवळच्या सांता टेरेसात एका बाईंच्या सरकारी घराला पाच वर्षांहून जास्त काळ मागचं दारच नव्हतं. तिथल्या ट्रायब्यूनलने हातावर १०० डॉलर टेकवले. वरच्या कोर्टाने १०,२०० केले, त्याच्या वरच्याने ते काढून घेतले, आणि २०२३ मध्ये हायकोर्टाने (इथलं सर्वोच्च कोर्ट तेच) पुन्हा दिले. मनस्तापाचीसुद्धा भरपाई मिळते, हा त्यातला मुद्दा. तिथला कायदा वेगळा, पण वाचण्यासारखा निकाल आहे.

मंजिरी:
पत्र सापडलं, मुदत आहे अजून. फोन तिनेच लावला, गुरुवारी भेट ठरलीय. कोण कुठे झोपतं ते ती स्वतः लिहितेय, मी फक्त स्कॅनिंगला. काका, छताचे फोटो वेगळ्या फोल्डरात ठेवलेत!