पोळ्याच्या बॅनरसाठी शेणामातीच्या भिंतीवर तिरपा उजेड कसा आणावा?

पऱ्हाटी: ८ बाय ४ फुटांचा फ्लेक्स, ७२ डीपीआय (इंचाला ७२ ठिपके), म्हणजे ६९१२ बाय ३४५६ पिक्सेल. गिम्प (फोटो सुधरवायचं सॉफ्टवेअर) वापरतो. भिंतीच्या फोटोवर बम्प मॅप (उंच-खोल पोत उठवणारा फिल्टर) लावला तं सारवणाऐवजी चौकडी उमटते. काऊन?

धुरा: भाऊ, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला दिसते. जेपेगमध्ये ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे असतात. बम्प मॅप उजळ भागाला उंच अन् काळ्याला खोल समजते, म्हणून ठोकळ्यांच्या कडाही उठतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. भिंतीची प्रत काढून काळी-पांढरी करा, २ पिक्सेल गॉसियन ब्लर (चित्र मऊ करणारा फिल्टर) द्या. वर ८०८०८० रंगाचा करडा लेयर घ्या. त्यावर फिल्टर्स, मॅप, बम्प मॅप. ऑक्स इनपुटमध्ये (उंची-खोली जिथून वाचायची ती जागा) ती काळी-पांढरी प्रत. एलिव्हेशन (उजेडाची उंची) २५-३०, डेप्थ (उठाव) ५ पासून सुरू करा. अंधार भरून काढायचा 'कॉम्पेन्सेट' पर्याय चालूच ठेवा, नाहीतर अख्खा लेयर काळवंडते. शेवटी करड्या लेयरचा मोड ओव्हरले, म्हणजे करडा दिसत नाही, उजेड-सावली तेवढी खालच्या फोटोवर उमटते. उजेड कमी-जास्त करायला फक्त त्या लेयरची ओपॅसिटी (किती गडद दिसावा ते) हलवा, मूळ फोटो शाबूत राहते.

सर्जा: भर दुपारी काढलेला फोटो नकोच. त्यातली सावली खड्डा बनते. सावलीतली भिंत घ्या.

अन् अझिमथ (उजेडाची दिशा) फिरवून उजेड बैलाच्या शिंगावर ज्या बाजूनं पडला तिकडूनच आणा. अक्षरांची सावलीही त्याच हिशेबानं. इथंच बहुतेक बॅनर फसतात.

पऱ्हाटी: चौकडी गेली. आता गुळगुळीत भागात पायऱ्या दिसतात.

धुरा: ८ बिटचा दोष, छटा कमी पडतात. ब्लर द्यायच्या आधी इमेज, प्रिसिजनमधून १६ बिट करा.