आडवी-उभी ठीक, पण माळ्यावर नको

वाइनची बाटली आडवीच ठेवायची असं सांगतात ते खरं, पण फक्त बुचाच्या बाटलीसाठी. बूच ओलं राहिलं नाही तर सुकून आक्रसतं आणि हवा आत शिरते. नाशिककडच्या बऱ्याच वाइन आता फिरकीच्या झाकणात येतात. त्या खुशाल उभ्या ठेवा. आपल्याकडे खरा शत्रू उन्हाळा. साधारण १२-१३ अंश हे आदर्श तापमान, आणि एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. मी एक चांगली रेड 'मुरू दे' म्हणून माळ्यावर टाकली होती (लोणचं आहे का ते!). दोन उन्हाळ्यांनी काढली तर बूच वर सरकलेलं, लेबलवर चिकट ओघळ, आणि चव शिजवलेल्या मनुकांसारखी. माळा म्हणजे स्लॅबखालची भट्टी, हे तेव्हा सुचलं नाही.

आता बाटल्या आतल्या खोलीतल्या कपाटात, सर्वांत खालच्या कप्प्यात, अंधारात. मार्च लागला की सरळ फ्रिजमध्ये, दारात नव्हे, मागे. फ्रिजमधल्या कोरड्या हवेत बूच सुकतं, त्यामुळे वर्षानुवर्षं नको, पण पावसाळ्यापर्यंत काही बिघडत नाही. रेड प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढायची. आणि शेनिन ब्लांसारखी साधी व्हाइट साठवायचीच कशाला? वर्षा-दोन वर्षांत ताजेपणा जातो. उघडून उरली तर छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकते. आमच्याकडे मात्र उरण्याचे प्रसंग कमीच.