होस्टिंगच्या धंद्यासाठी बिलिंग सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? (जळगाव, दीडेकशे ग्राहक)

पिंप्राळा_होस्ट
राम राम मंडळी. जळगावात वेबसाइट करून देणं आणि त्यासोबत होस्टिंग, डोमेन, ईमेल असं माझं काम आहे. ग्राहक दीडशेच्या आसपास. दाळ मिल, चटई कारखाने, थोडे सराफ, पतसंस्था, शाळा, रावेर-यावलकडचे केळीचे व्यापारी. बुऱ्हाणपूर आणि सुरतचेही काही आहेत. सर्व्हर भाड्याचा, त्यावर सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल). डोमेन रिसेलर खात्यातून घेतो, म्हणजे मोठ्या कंपनीकडून घेऊन पुढे विकतो. जीएसटी नंबर आहे.

हिशेब अजून एक्सेलवर चालतो. कोणाचं काय कधी संपतं ते फिल्टर लावून बघायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण द्यायची, क्यूआर धाडायचा, पैसे आले की टॅलीत बिल. आता हे आवरत नाही. डब्ल्यूएचएमसीएस, ब्लेस्टा, फॉसबिलिंग अशी नावं कानावर आहेत. दरमहा डॉलर मोजायचे जिवावर येतं. कोण काय वापरतं, आणि घेण्याआधी काय तपासावं?

साक्रीरोड_धुळे
भाऊ, आते काय सांगू तुले! जो तो फीचरची यादी वाचतो आणि फसतो. अकाउंट आपोआप उघडणं, बंद करणं, डोमेन रिन्यू करणं हे तिन्ही करतात. आपल्याकडे गाडी अडते ती तीन ठिकाणी: जीएसटी, बिलाचा नंबर आणि पैसे येण्याची वाट. तपासायचं ते हेच.

डब्ल्यूएचएमसीएस हे सगळ्यात जुनं-जाणतं. सीपॅनेल आणि तसंच दुसरं पॅनेल प्लेस्क ज्या वेबप्रोस कंपनीकडे आहेत त्यांचंच. मॉड्यूल (दुसऱ्या सेवेशी जोडणारे तुकडे) सगळ्या कंपन्यांचे मिळतात, अडलं तर उत्तर सापडतं. पण लायसन्स भाड्याचं, सक्रिय ग्राहकांच्या संख्येवर टप्पे, आणि दर चढत आलेत. कोड आयनक्यूब या कुलूप लावणाऱ्या साधनाने बंद केलेला, आत हात घालता येत नाही. ब्लेस्टाचा कोड बहुतांशी उघडा, आणि एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्सही घेता येतं, मग फक्त सपोर्ट-अपडेटचं वार्षिक. दीडशे ग्राहकांना मी ब्लेस्टाच सुचवीन, पण तुमच्या रिसेलर कंपनीचं आणि पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचं) मॉड्यूल त्यात चालतं का हे चाचणीच्या मुदतीतच बघून घ्या. नसेल तर मुकाट्याने डब्ल्यूएचएमसीएस. होस्टबिल हे चौथं सॉफ्टवेअरही चांगलं आहे, पण तुमच्या-माझ्या खिशाचं नाही.

आता कराचं. दोन्हींत कराच्या दोन पातळ्या असतात. देश भारत, राज्य महाराष्ट्र: पहिल्या पातळीवर सीजीएसटी 9 टक्के, दुसऱ्यावर एसजीएसटी 9. बाकी राज्यांना पहिल्याच पातळीवर आयजीएसटी 18, दुसरी रिकामी. मग बुऱ्हाणपूर-सुरतचं बिल आपोआप बरोबर निघतं. फक्त 'करावर कर' हा पर्याय बंद ठेवा. डब्ल्यूएचएमसीएसमध्ये त्याला कंपाउंड म्हणतात, ब्लेस्टात कॅस्केड. चालू राहिला तर 1000 रुपयांवर आधी 90, मग 1090 वर 9 टक्के म्हणजे 98.10, ग्राहकाला 180 ऐवजी 188.10 कर लागतो. आठ रुपयांनी कोणी ओरडत नाही, त्यामुळे ते लवकर ध्यानातही येत नाही.

आणि एक्सेलमधून ग्राहक चढवताना राज्याचा रकाना आधी साफ करा. कुठे 'एमएच', कुठे स्पेलिंग चुकलेलं, कुठे राज्याच्या जागी जळगाव. सॉफ्टवेअरला ते महाराष्ट्र वाटत नाही, आणि घरचा ग्राहक आयजीएसटीत जातो.

चोपडा_लिनक्स
फॉसबिलिंग का नको? फुकट आहे, ओपन सोर्स आहे, बॉक्सबिलिंग या आधीच्या सॉफ्टवेअरमधूनच निघालंय. मी स्वतःच्या चार ओळखीच्यांसाठी चालवतो.

साक्रीरोड_धुळे
चार ओळखीच्यांसाठी चालवा की दादा. पण बनवणारेच त्याला बीटा, म्हणजे अजून चाचणीतलं, म्हणतात. यांच्याकडे पतसंस्थांची ईमेल आहेत.

एक मात्र सगळ्यांना सांगतो. लायसन्स तोडलेली फुकट कॉपी कोणी दिली तर हात लावू नका. या पॅनेलमध्ये सर्व्हरचा रूट पासवर्ड, डोमेन देणाऱ्या रजिस्ट्रारची चावी, ग्राहकांची सगळी माहिती एकाच जागी असते. आत चोरदार ठेवलेलं असेल तर एका रात्रीत सगळं गेलं. आणि बिलिंग ग्राहकांच्या सर्व्हरवर टाकू नका, वेगळा छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या. नाहीतर सर्व्हर पडला त्याच वेळी तक्रार नोंदवायची जागाही पडते.

भुसावळ_हिशेब
मी होस्टिंगवाली नाही, अशा दोन-तीन जणांची रिटर्न्स भरते, म्हणून बिलाच्या नंबरावर बोलते.

हे परदेशी सॉफ्टवेअर मुदतीच्या काही दिवस आधी बिल काढतं आणि पैशांची वाट बघतं. आपल्याकडे टॅक्स इन्व्हॉइस निघालं की त्या महिन्याच्या रिटर्नमध्ये ते दाखवावं लागतं, पैसे आलेले असोत वा नसोत. मार्चमध्ये चाळीस रिन्यूअलची बिलं निघाली, त्यातल्या दहा जणांनी वेबसाइटच नको म्हटलं, तर कर तुमच्या खिशातून आणि वर दहा क्रेडिट नोटा. म्हणून आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) काढा, पैसे जमा झाले की खरं इन्व्हॉइस. ही सोय डब्ल्यूएचएमसीएसमध्ये आहे, ब्लेस्टातही आहे. फक्त सुरुवातीला चालू करावी लागते, आणि बहुतेक जण तिथेच कंटाळा करतात.

नंबर सलग हवा, आर्थिक वर्षात एकमेव हवा आणि 16 अक्षरांच्या आत हवा. अक्षरं, अंक, आडवी रेघ, तिरपी रेघ एवढंच चालतं. प्रोफॉर्माची मालिका वेगळी असली की न भरलेली बिलं खोडल्याने खऱ्या मालिकेत खड्डे पडत नाहीत. 1 एप्रिलला नवी मालिका सुरू करायची असेल तर कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण या सॉफ्टवेअरचं वर्ष जानेवारीचं. होस्टिंगचा सॅक (जीएसटीतला सेवेचा कोड) 998315, तो बिलाच्या साच्यात छापून घ्या. आणि लायसन्स परदेशातून घेताय, तर त्यावर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, आयजीएसटी तुम्हाला भरायचा आहे. क्रेडिट मिळतं, पण आधी रोख भरावा लागतो. डॉलरचा हिशेब करताना हे धरा.

पिंप्राळा_होस्ट
ताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं. आणखी एक. दोन मिल आणि एक कॉलेज टीडीएस कापून पैसे देतात. बिल 11,800 चं, हातात 11,600. सॉफ्टवेअर ते अपुरं समजून साइट बंद करेल ना?

भुसावळ_हिशेब
करेल. 10,000 च्या मूळ रकमेवर 2 टक्के कापले, जीएसटीवर नाही, म्हणजे ते बरोबर वागतायत. उरलेल्या 200 ची नोंद वेगळी करा. बँक ट्रान्सफरसारखाच हाताने नोंदवायचा पेमेंटचा प्रकार तयार करा, त्याला 'टीडीएस' नाव द्या, तिथे 200 टाका. बिल पूर्ण भरलेलं दिसेल आणि वर्षाअखेर त्या प्रकाराची बेरीज आयकर खात्याच्या टीडीएसच्या तक्त्याशी ताडून बघता येईल. सवलत म्हणून टाकू नका, विक्रीच कमी दिसेल.

शहादा_नेट
पैसे येण्याच्या वाटेबद्दल मी सांगतो. या सॉफ्टवेअरची सगळी रचना 'कार्ड साठवा, दरवर्षी आपोआप कापा' यावर उभी आहे. आपल्याकडे ते नावापुरतं. कार्डाचे आकडे दुकानदाराला साठवता येत नाहीत, त्याऐवजी टोकन, म्हणजे बदली आकडा, लागतं. आपोआप कापायचं तर ई-मँडेट (ग्राहकाची आगाऊ परवानगी), 15,000 च्या वर प्रत्येक वेळी ओटीपी, आणि कापण्याच्या 24 तास आधी सूचना. आमच्याकडचे ग्राहक तर यूपीआय नाहीतर एनईएफटी. त्यामुळे ऑटो-पेमेंटची जाहिरात सोडून द्या. गेटवेची लिंक बिलावर असली आणि पैसे येताच बिल भरलेलं दिसलं, की ऐंशी टक्के काम झालं. रेझरपे या गेटवेचं डब्ल्यूएचएमसीएससाठी स्वतःचं मॉड्यूल आहे. जे तरीही थेट खात्यात टाकून स्क्रीनशॉट धाडतील, त्यांचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) नोंदीत घातल्याशिवाय पैसे आले धरू नका.

आठवणीचं म्हणाल तर ईमेल दाळ मिलचे शेठ उघडत नाहीत. एसएमएस हवा तर डीएलटी (धंद्याचे एसएमएस पाठवायची सक्तीची) नोंदणी आणि टेम्प्लेट मंजूर करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपची अधिकृत सेवा पैसे घेते, पण तीच वाचली जाते.

साक्रीरोड_धुळे
साइट आपोआप बंद करण्याचं बटण पहिल्या वर्षी सरसकट चालू करू नका. रात्री बारा वाजता पतसंस्थेची साइट झाकली की सकाळी चेअरमनचा फोन, आणि चेअरमन तुमच्या काकांच्या ओळखीचे. अशा ग्राहकांना डब्ल्यूएचएमसीएसमध्ये एकेका सेवेपुरती ठरावीक तारखेपर्यंत सूट देता येते. डोमेनचं मात्र उलट. तिथे दया दाखवू नका, पैसे आल्याशिवाय रिन्यू नाही. डॉट कॉम रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे मुदत उलटल्यावरच्या शेवटच्या टप्प्यात, गेलं तर सोडवायला वेगळं शुल्क लागतं आणि ग्राहक ते तुमच्याच नावाने फाडतो, म्हणून आठवण महिनाभर आधीपासून सुरू करा.

तारखाही एकत्र आणा. एका माणसाचं डोमेन जूनमध्ये, होस्टिंग ऑक्टोबरमध्ये, ईमेल जानेवारीत, म्हणजे वर्षातून तीनदा त्याच्या दारात. डोमेन वर्षाच्या पटीतच घ्यावं लागतं, पण होस्टिंग आणि ईमेलचे मधले महिने मोजून डोमेनच्या तारखेला आणता येतात. एक्सेल चढवतानाच करा, नंतर होत नाही.

चोपडा_लिनक्स
मराठी नावं बिलावर येतात का? आमच्या शाळांना मराठीतच हवं असतं.

साक्रीरोड_धुळे
डब्ल्यूएचएमसीएसच्या पीडीएफमध्ये नाही. जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. 'शिक्षण' वाचता येत नाही. नाव इंग्रजी लिपीतच ठेवा. रुपयाची खूणही नेहमीच्या फॉन्टमध्ये उमटत नाही, सेटिंगमध्ये डेजाव्हू सॅन्स हा फॉन्ट निवडला की येते.

पिंप्राळा_होस्ट
ठीक. ब्लेस्टाची चाचणी घेतो, रिसेलरचं मॉड्यूल चाललं तर तेच, नाहीतर डब्ल्यूएचएमसीएस. एक राहिलं: टॅलीतली बिलं बंद करायची की दोन्हीकडे काढायची?

भुसावळ_हिशेब
दोन्हीकडे कधीच नाही, नंबर टक्कर घेतात. इन्व्हॉइस एकाच ठिकाणी, म्हणजे नव्या सॉफ्टवेअरमध्ये. महिन्याच्या शेवटी तिथून एक्सेल काढा आणि टॅलीत चढवा. टॅलीप्राइमच्या नव्या आवृत्त्या एक्सेल थेट घेतात. बदल 1 एप्रिललाच करा. वर्षाच्या मधे केलात तर मालिकेच्या सुरुवातीला वेगळी अक्षरं लावा, म्हणजे जीएसटीआर-1 या विक्रीच्या रिटर्नमध्ये दोन मालिका स्वच्छ दाखवता येतील.

पिंप्राळा_होस्ट
एप्रिललाच करतो. तोवर राज्याचा रकाना साफ करायला बसतो.